घड्याळ राहू द्या, वेळापत्रक हलवा

आमच्या ९६ च्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. एरवी तिथं गुड मॉर्निंग, वाढदिवस आणि निवडणुकीची भांडणं एवढंच चालतं. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागं गेली आणि न्यू जर्सीत असलेल्या आमच्या मित्राने ग्रुपवर टाकलं, "आज एक तास जास्त झोपलो. आपल्याकडं हे कधी सुरू होणार? एवढा मोठा देश, एवढा सूर्यप्रकाश, सगळा वाया."

झालं, ठिणगी पडली.

पुण्यातला आयटीवाला म्हणाला, "तुझी झोप वाढली, माझी रात्र वाढली लेका." त्याचं खरं आहे. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागं असतं, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे साडेसातची मीटिंग एका रात्रीत साडेआठला गेली. जेवण, पोरांचा अभ्यास, सगळं त्या मीटिंगच्या मागं सरकलं. घड्याळ त्यांनी फिरवलं, भोग याचे.

बाजारपेठेत कापडाचं दुकान असलेला मित्र मात्र एकदम बाजूने. "संध्याकाळी उजेड तासभर जास्त राहिला तर खेड्यातली गिऱ्हाईकं तासभर जास्त थांबतील. अंधार पडायला लागला की बायका एसटी गाठायच्या मागं लागतात." तोही चुकीचं बोलत नव्हता.

जिल्हा परिषदेच्या शाळेवर असलेले आमचे मास्तर विरोधात. आणि सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला आमचा फौजी पूर्ण बाजूने. तो तीन वर्षं अरुणाचलात होता. त्याने जे लिहिलं त्यावर मी पुढं येतोच.

दीडशे मेसेज झाले. शेवटी कुणीतरी म्हणालं, "ग्रुपवर पत्रकार आहे ना, त्याला विचारा." मी त्या रात्री काहीच लिहिलं नाही. कारण या विषयावर मी पूर्वी एकदा छापून बसलोय, आणि आज माझं मत वेगळं आहे. म्हणून इथं सविस्तर लिहितो. लांब होईल, सांभाळून घ्या.

आधी माझी कबुली. २००६ साली नियोजन आयोगाने देशात दोन प्रमाणवेळा कराव्यात, त्याने वीज वाचेल अशी शिफारस केली. मी तेव्हा एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो. डिप्लोमा करून चार वर्षं झाली होती, रक्त गरम होतं. मी पुरवणीत लेख लिहिला, की दोन वेळा कशाला, सगळ्या देशाचंच घड्याळ पुढं करा, युरोप-अमेरिकेसारखं. लोडशेडिंगचे दिवस होते. बारा-बारा तास लाईट जायची. वीज वाचवणारं काहीही तेव्हा मला शहाणपणाचं वाटत होतं. त्या लेखासाठी मी एकाही शाळेत गेलो नाही, एकाही शेतकऱ्याशी बोललो नाही. कार्यालयात बसून लिहिला. ही माझी चूक.

आता मुद्द्याचं.

घड्याळ पुढं-मागं करण्याची पद्धत पहिल्या महायुद्धात १९१६ मध्ये जर्मनीने देशभर लागू केली, कोळसा वाचवायला. मग इंग्लंड आणि इतरांनी. त्यांच्याकडं याला अर्थ होता. लंडनमध्ये जूनचा सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांचा असतो आणि डिसेंबरचा सर्वांत लहान दिवस आठ तासांपेक्षाही कमी. उन्हाळ्यात पहाटे पावणेचारला सूर्य उगवणार आणि लोक सातपर्यंत झोपणार. तर घड्याळ पुढं करा, तो उजेड संध्याकाळी वापरा. सरळ हिशेब.

आपल्याकडं, म्हणजे सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात, जूनचा मोठा दिवस साधारण तेरा तासांचा आणि डिसेंबरचा लहान दिवस अकरा तासांचा. फरक दोन तासांचा. उन्हाळ्यात सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो. त्या वेळी आमच्याकडं डेअरीवर दुधाची रांग लागलेली असते. वाया जायला उजेड आहेच कुठं? म्हणून उन्हाळ्यात पुढं आणि हिवाळ्यात मागं, हा अमेरिकेचा खेळ आपल्याकडं आणायचं काही कारण नाही. न्यू जर्सीवाल्या मित्राने रागावू नये.

आणि ज्यांच्याकडं हा खेळ आहे, तेही वैतागलेत. युरोपियन युनियनने २०१८ मध्ये लोकांची मतं मागवली, तर ४६ लाख लोकांनी उत्तर दिलं आणि त्यातले ८४ टक्के म्हणाले, हे बंद करा. २०१९ मध्ये त्यांच्या संसदेनेही बंद करायच्या बाजूने मत दिलं. पण कायमची कुठली वेळ ठेवायची, उन्हाळ्याची की हिवाळ्याची, यावर देशांचं एकमत होईना, त्यामुळं घड्याळं अजून फिरतातच. अमेरिकेने १९७४ च्या जानेवारीत वर्षभर पुढची वेळ ठेवून पाहिली. पोरं मिट्ट काळोखात शाळेला जायला लागली, आईबाप चिडले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारला ते मागं घ्यावं लागलं.

वीज वाचते म्हणावं, तर तिथंही गोंधळ. इंडियाना राज्यात अभ्यासकांनी घरगुती वीजवापर तपासला, तर घड्याळ पुढं केल्यावर तो साधारण एक टक्क्याने वाढलेला निघाला. दिवे कमी लागले, पण लोक तापलेल्या घरात लवकर पोचले आणि एसी जास्त चालले. आपल्याकडं मे महिन्यात काय होईल ते तुम्हीच सांगा.

पण खरा प्रश्न वेगळा आहे, आणि तो आमच्या फौजीने विचारला. त्याचा मेसेज जसाच्या तसा देतो.

"तुम्ही लोक उजेडावर बोलताय, तुम्हाला अंधार माहीत नाही. मी जिथं होतो तिथं जूनमध्ये पहाटे साडेचारच्या आत सूर्य वर. डिसेंबरमध्ये साडेचारला संध्याकाळ. सरकारी ऑफिस दहाला उघडणार, म्हणजे अर्धा दिवस संपल्यावर. शाळा सुटून पोरं घरी पोचेपर्यंत अंधार. आणि घड्याळ कुठलं, तर आपलं. ती माणसं आपल्या घड्याळावर जगतात."

यावर ग्रुपवर दहा मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही.

देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलंय, जे उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. अरुणाचलचं पूर्वेचं टोक आणि कच्छचं पश्चिमेचं टोक यात एकोणतीस अंशांचं अंतर आहे. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ दोन तासांचा फरक, आणि घड्याळ एकच. ईशान्येकडची माणसं कित्येक वर्षं वेगळी वेळ मागतायत. आसामचे दिग्दर्शक जाहनू बरुआ यांनी हा विषय लावून धरला. अरुणाचलचे मुख्यमंत्री पेमा खांडू यांनी २०१७ मध्ये जाहीर मागणी केली. त्याच वर्षी गुवाहाटी उच्च न्यायालयाने यावरची जनहित याचिका फेटाळली. २०१८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी, म्हणजे देशाची अधिकृत वेळ जे सांभाळतात त्यांनीच, दोन वेळा कशा करता येतील याचा आराखडा मांडला. आसाम आणि पश्चिम बंगालच्या मधून रेघ, पूर्वेला घड्याळ एक तास पुढं. तिथं जाणारे रेल्वेमार्ग मोजकेच, त्यामुळं गोंधळ आटोक्यात राहील असं त्यांचं म्हणणं. सरकारने ते स्वीकारलं नाही.

गंमत म्हणजे आसामच्या चहामळ्यांत इंग्रजांच्या काळापासून 'बागान टाइम' चालतो. घड्याळापेक्षा एक तास पुढं. तिथल्या मजुराला दिल्लीत किती वाजले याच्याशी देणंघेणं नाही, उजाडलं की कामाची वेळ. म्हणजे ज्यांना गरज होती त्यांनी आपली सोय केली आणि देशाची एकता काही बिघडली नाही.

आणि दोन घड्याळांचं म्हणाल तर आपला मुंबई इलाखा त्यात मुरलेला आहे. १ जानेवारी १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ सुरू झाली, पण मुंबईने ती मानली नाही. मुंबईची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागं. नव्या वेळेवरून १९०६ च्या जानेवारीत गिरणी कामगारांनी काम बंद पाडलं होतं. मुंबई महापालिकेने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही आठ वर्षं टिकवली. रेल्वेचं घड्याळ एक, महापालिकेचं दुसरं. त्यात दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, सरकारने सगळ्या देशाचंच घड्याळ एक तास पुढं केलं. माझे आजोबा सांगायचे, त्या काळात कोर्टाची तारीख असली की आधी विचारायचं, "जुने दहा का नवे दहा?" तेव्हा आपल्याकडं हे कधी झालंच नाही असं कुणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही. झालंय. आणि लढाई संपल्यावर लगेच काढून टाकलंय.

आता तिसरं मत. बंगळुरूच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅडव्हान्स्ड स्टडीजमधल्या अभ्यासकांनी सुचवलं, की दोन वेळांच्या भानगडीत पडू नका, सीमेवर रेल्वेचे अपघात होतील. त्यापेक्षा सगळ्या देशाचं घड्याळ एकदाच आणि कायमचं अर्धा तास पुढं करा. वर्षाला २०० कोटी युनिटपेक्षा जास्त वीज वाचेल असा त्यांचा हिशेब होता. आमच्या ग्रुपवर बहुतेकांना हेच पटलं. ऐकायला सोपं आहे. ईशान्येला थोडं मिळतं, आपलं फार जात नाही, वीजही वाचते. वीस वर्षांपूर्वीच्या मलाही हेच पटलं असतं.

पण मग मास्तर बोलले.

मास्तर म्हणाले, "जानेवारीत आपल्याकडं सूर्य सात वाजून पाच मिनिटांनी उगवतो. अर्धा तास पुढं केलंत की सात पस्तीस. मुंबई-रत्नागिरीकडं पावणेआठ. माझी शनिवारची शाळा सकाळची असते. वाडीवरची पोरं चालत येतात. त्यांना मी काळोखातून बोलवू का?"

हे मला घरात दिसतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने आदेश काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. मुलांची झोप पुरी होत नाही हे कारण. राज्यपालांनी तसं सुचवलं होतं. दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळांनी, बसवाल्यांनी अडचणी सांगितल्या, पण निर्णय चांगला होता. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. चौथीचं वर्ष तिने नऊच्या शाळेत काढलं. पोरगी आपली आपण उठायची, दूध प्यायची, जाताना गाणी म्हणायची.

यंदा पाचवीत गेली. आदेश चौथीपर्यंतच. नवी शाळा सात दहाला भरते. पावणेसहाला तिला उठवायचं, म्हणजे अक्षरशः उचलून बसवायचं. डोळे मिटलेल्या पोरीच्या वेण्या तिची आई घालते. रिक्षा साडेसहाला. आत्ता नोव्हेंबरात रिक्षा येते तेव्हा नुकतं उजाडत असतं. जानेवारीत पुरतं उजाडलेलंही नसेल. घड्याळ अर्धा तास पुढं केलं तर ती आजच्या सहाला, दाट काळोखात घराबाहेर पडेल. पाचवीतल्या मुलीला चौथीतल्या मुलीपेक्षा झोप कमी लागते असं सरकारला वाटतं का, मला माहीत नाही. आमच्या घरात तरी तसं दिसत नाही.

कुणी म्हणेल, लवकर झोपवा. सगळे हेच सांगतात. पण मूल घड्याळ बघून झोपत नाही, अंधार बघून झोपतं. मौलिक जगनानी या अर्थतज्ज्ञाने भारतातल्या मुलांवर नेमका हाच अभ्यास केलाय. सूर्यास्त साधारण तासभर उशिरा होतो तिथली मुलं जवळजवळ अर्धा तास कमी झोपतात. कारण शाळा तर घड्याळाप्रमाणंच भरते, झोपायला मात्र उशीर होतो. जिथं वर्षभर सूर्य उशिरा मावळतो तिथं मुलांचं शिक्षणही कमी होतं असं त्यात निघालं, आणि गरीब घरांत हा परिणाम जास्त. पत्र्याच्या खोलीत, रस्त्याकडेला, गरमीत, आवाजात झोपणाऱ्या पोराला "आठला झोप" म्हणणं सोपं नाही.

आता हे नीट बघा. आपण देशाच्या पश्चिमेला आहोत. आपला सूर्य आधीच उशिरा उगवतो आणि उशिरा मावळतो. घड्याळ पुढं केलं की तो आणखी उशिरा मावळणार. म्हणजे अर्ध्या तासाच्या त्या सोप्या उपायात ईशान्येला अर्धीच भाकरी मिळणार, आणि किंमत मोजणार कोण, तर पश्चिमेकडची शाळेत जाणारी पोरं. ज्यांना मत विचारलं जात नाही असे सगळे एका रांगेत.

विजेच्या हिशेबाचंही बघा. तो हिशेब संध्याकाळच्या दिव्यांवर उभा होता. तेव्हा घरोघरी साठ-शंभर वॅटचे बल्ब होते. २०१५ नंतर एकट्या उजाला योजनेत ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. नऊ वॅटचा बल्ब अर्धा तास उशिरा लावून वाचणार किती? जे वाचवायचं होतं त्यातलं बरंचसं बल्ब बदलून आधीच वाचलंय. कुणाचीही झोप न मोडता.

शेजाऱ्यांनी हे करून बघितलंय. बांगलादेशने विजेच्या टंचाईमुळं जून २००९ मध्ये घड्याळ एक तास पुढं केलं. हिवाळा आला तशी सकाळच्या अंधाराची ओरड वाढली. ३१ डिसेंबरला ते मागं घेतलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा केलंच नाही. पाकिस्तानने २००२, २००८ आणि २००९ असं तीनदा करून पाहिलं आणि सोडून दिलं. आपल्यासारखेच देश, आपल्यासारखेच लोक, आपल्यासारखीच लोडशेडिंग.

इथपर्यंत मी मनात सगळी मांडणी करून ठेवली होती. सकाळी ग्रुपवर टाकायचं ठरवलं होतं. सकाळी फोन उघडला तर रात्री दोन वाजून दहा मिनिटांचा एक मेसेज होता. आमच्यातला एकजण शेती करतो. दीड एकर ऊस, थोडी द्राक्षं. तो ग्रुपवर कधीच काही लिहीत नाही. त्याने लिहिलं होतं,

"मोटर चालू करून बांधावर बसलोय. सगळं वाचलं. तुमचं घड्याळ कुठंबी लावा गड्यांनो, लाईट तेवढी दिवसा द्या."

मी ते वाचून गप्प बसलो.

बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगतो. शेतीपंपाची थ्री फेज लाईट आमच्याकडं पाळीपाळीने येते. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात माणूस दहा-अकराला बॅटरी घेऊन रानात जातो आणि पहाटे परत येतो. उसात बिबट्या, पाटाच्या कडेला साप. थंडीत पाण्यात पाय. 'रात्री पिकाला पाणी देताना शेतकऱ्याला सर्पदंश' ही बातमी मी वीस-बावीस वर्षांत किती वेळा लिहिली ते मोजलेलं नाही. आतल्या पानावर, एका कॉलमात. त्यातल्या काहीजणांच्या घरी मी गेलोय. एका घरी म्हातारी आई मला एवढंच म्हणाली होती, "साहेब, दिवसा लाईट असती तर पोरगं वाचलं असतं." ती बातमी मी तशीच छापायला दिली होती. ते वाक्य जागेअभावी कापलं गेलं.

म्हणजे वेळ हलवता येते की नाही, यावर आम्ही दीडशे मेसेज केले. आणि या माणसाची वेळ केव्हाच हलवून झालीय. त्याची रात्र दिवस केलीय, त्याला न विचारता. त्यासाठी कुणाला घड्याळाला हातसुद्धा लावावा लागला नाही. एक वेळापत्रक काढलं, झालं.

आणि हेच मला सांगायचंय. दिवस कसा वाटला जातो हे घड्याळावर नसतं, वेळापत्रकावर असतं. शाळा किती वाजता, लाईट कधी, पहिली एसटी कितीची, ऑफिस कधी उघडणार. ही सगळी माणसांनी काढलेली पत्रकं आहेत. प्रत्येकाच्या खाली सही असते. सही करणाऱ्याला जाऊन विचारता येतं, की बाबा, हे असं का? घड्याळ फिरवलं की विचारायचं कुणाला? सगळ्या देशाचंच फिरलं म्हटल्यावर काळोखात चालणाऱ्या पोरीची तक्रार ऐकणार कोण? म्हणून सरकारांना घड्याळ फिरवणं आवडतं आणि वेळापत्रक बदलणं जड जातं.

तेव्हा २००६ चा माझा लेख मी आज मागं घेतो. माझं मत आता असं आहे.

अमेरिकेसारखं वर्षातून दोनदा घड्याळ फिरवणं आपल्याला नको. आपल्या दिवसांत तेवढा फरकच नाही.

सगळ्या देशाचं घड्याळ अर्धा तास पुढं, हेही नको. त्याने ईशान्येचं पुरतं भलं होत नाही आणि आपल्या पोरांचं नुकसान होतं.

ईशान्येला त्यांचं घड्याळ हवं असेल तर ते द्यावं. यात माझं मत बदललं ते फौजीच्या मेसेजने. सुरक्षेच्या, रेल्वेच्या अडचणी असतील, नाही म्हणत नाही. ते होईपर्यंत तिथली ऑफिसं आणि शाळा तरी सूर्याबरोबर उघडाव्यात. चहामळ्यांना जमतं ते कलेक्टर ऑफिसला का जमू नये?

आणि आपल्यासाठी दोन मागण्या. एक, नऊचा नियम चौथीवर थांबवू नका. पाचवी ते सातवीला निदान थंडीचे तीन महिने तरी शाळा उजाडल्यावर भरवा. दोन पाळ्यांची अडचण खरी आहे, खोल्या नाहीत हेही खरं आहे. मग खोल्या बांधा. दोन, शेतीला दिवसा वीज. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. तिचा हेतूच दिवसा वीज देणं हा आहे. जिथं सोलरवर फीडर सुरू झालेत तिथले शेतकरी रात्री घरी झोपतात. सूर्यप्रकाश वाया घालवायचा नसेल तर तो असा वापरा. काटे फिरवून सूर्य जास्त वेळ थांबत नाही.

दुकानदार मित्रालाही एक सांगतो. गिऱ्हाईकं लवकर जातात ती अंधारामुळं नाही, शेवटची एसटी लवकर आहे म्हणून. चल, एकदा डेपोत जाऊन बसू दोघं. मी बातमी करतो, तू व्यापारी संघटनेचं पत्र आण.

न्यू जर्सीवाल्याचं उत्तर आलंय. म्हणतो, "मी झोपेबद्दल लिहिलं होतं रे, तुम्ही कुठल्या कुठं नेलंत." मी त्याला म्हटलं, आम्हीपण झोपेबद्दलच बोलतोय.

काल त्या शेतकरी मित्राला फोन केला. आठवडाभर रात्रपाळी आहे म्हणाला. परवा रात्री मी त्याच्याबरोबर रानात जाणार आहे, कॅमेरा घेऊन. यावेळी कुणाचं वाक्य कापलं जाणार नाही, कारण ते इथंच टाकणार आहे.

तोपर्यंत तुमच्याकडचं लिहा. तुमच्या गावात पाचवीची शाळा किती वाजता भरते? जानेवारीत तेव्हा उजाडलेलं असतं का? आणि शेतीची लाईट या आठवड्यात दिवसा आहे की रात्री? गाव आणि तालुका टाका. हे सगळं एकत्र करून शिक्षणाधिकारी आणि वीज कार्यालय, दोन्हीकडं द्यायचं आहे. नुसते लाईक नकोत, वेळा लिहा.